खुंट्यांआधी पोळपाट

ठाण्यात रुग्णांच्या घरोघरी जायला लागलीस, छान वाटलं. पण आपल्या व्यवसायोपचाराचं, म्हणजे रोजच्या कामांतून रुग्णाला सावरण्याच्या ऑक्युपेशनल थेरपीचं, मूळ समजून घे. १९१७मध्ये अमेरिकेतल्या क्लिफ्टन स्प्रिंग्जला मोजकी माणसं जमली, या उपचाराची संघटना उभी राहिली. त्यातले वास्तुविशारद जॉर्ज बार्टन स्वतः दीर्घ आजार सोसलेले. हाताला काम मिळालं की माणूस सावरतो, हे त्यांनी अनुभवलं होतं. आपल्याकडे कमलाबाई निंबकरांनी १९५०मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात याचं शिक्षण सुरू केलं. जन्माने अमेरिकन होत्या त्या!

म्हणून अर्धांगवायूच्या रुग्णाला हाताच्या व्यायामासाठी फळीच्या भोकांत नुसत्या खुंट्या खोचायला देऊ नकोस. कळव्याच्या एका आजींना पोळी लाटायची होती. पोळपाटाखाली ओलं फडकं घातलं, तो सरकायचा थांबला. पहिली पोळी वेडीवाकडी झाली, पण नातवाने ती संपवली. पहिल्याच भेटीत विचार, 'आजी, दिवसभर काय करायचात?' आणि उत्तर येईपर्यंत थांब.