बेंगळुरूची जागा आणि बेसाचा प्लॉट

नागपुरातील मानेवाड्याच्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे : मुलीला कॅप फेरीतून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, हिंगणा रोडवरील एका विनाअनुदानित महाविद्यालयात माहिती तंत्रज्ञान शाखा मिळाली असून वार्षिक शुल्क १.७५ लाख रुपये आहे. बेंगळुरूच्या एका खासगी विद्यापीठात संगणक शाखा मिळते आहे, पण तेथे वसतिगृहासह वर्षाला ५ लाख लागतील. घरचे उत्पन्न ७.२० लाख, प्रवर्ग ओबीसी, ९ लाखांची मुदत ठेव आणि फ्लॅटचे हप्ते सुरू. ठेवीतले ५ लाख मोडून उरलेल्या १५ लाखांचे शैक्षणिक कर्ज घ्यावे का?

माझ्या मते घेऊ नये. आपण दोन शुल्कांची तुलना केली आहे. परंतु नागपूरच्या १.७५ लाखांपैकी बहुतेक रक्कम आपल्याला भरावीच लागणार नाही, ही गोष्ट हिशेबातून सुटली आहे. ज्या कुटुंबांचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य शासन पूर्ण भरते. प्रवेश मात्र कॅपमधून झालेला हवा, आणि राज्याबाहेरील महाविद्यालयांना ही सवलत नाही. विकास शुल्क, पुस्तके आणि बस धरून वर्षाला साठेक हजार लागतील असे मानले, तर पावणेसात टक्क्यांनी ९ लाखांचे व्याजच जवळपास तेवढे येते. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र तेवढे सेतू केंद्रातून वेळेत काढून ठेवावे, कारण महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचे अर्ज बहुधा कागदांपायीच अडतात.

आता कर्जाकडे पाहू. दरवर्षी ३.७५ लाख उचलले आणि व्याजदर १० टक्के धरला, तर शिक्षणाची चार वर्षे आणि नंतरचे सवलतीचे एक वर्ष संपेपर्यंत सरळव्याजानेच ५.२५ लाख साचतात. म्हणजे हप्ता सुरू होताना कर्ज २०.२५ लाखांचे झालेले असेल. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे २६,७५० रुपये आणि एकूण परतफेड ३२ लाखांच्या घरात. बँकेने सांगितलेली ८०-ई कलमाची, म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची, प्राप्तिकरातील वजावट केवळ जुन्या करप्रणालीत मिळते, आणि नव्या प्रणालीत आपल्या उत्पन्नावर मुळात करच लागत नाही, त्यामुळे तो फायदा आपल्यासाठी कागदावरचाच आहे.

बाहेर जाऊच नये, असे मी म्हणत नाही. राज्याबाहेरच्या एखाद्या एनआयटीत, जिथे शिक्षण शुल्क वर्षाला सव्वा लाख असते, तिला जागा मिळाली असती तर हे उत्तर वेगळे झाले असते. बेंगळुरूच्या माहितीपुस्तिकेत छापलेले सर्वांत मोठे पॅकेज एका विद्यार्थ्याचे असते. त्याऐवजी तिच्या शाखेतील मधल्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला आणि किती जणांना नोकरीच मिळाली नाही, हे लेखी मागून पाहावे.

राहता राहिला तारणाचा प्रश्न. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. आपला फ्लॅट आधीच गहाण असल्याने मेहुण्यांचा बेसा येथील प्लॉट देण्याचा विचार आपण कळवला आहे. ते तयार आहेत, असे आपण लिहिता. मात्र कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, त्या प्लॉटची कागदपत्रे बँकेत राहतील आणि मधल्या काळात तो त्यांना सहजी विकता येणार नाही, हे आपण त्यांना सांगितले आहे का?