चारचौघांत वेबसाइटचं नाव निघायला पाहिजे! तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर): घरगुती फराळाची वेबसाइट काढली, पण येतात ते सगळे नातेवाईकच. बाहेरचे लोक कसे येणार?

ताई, नातेवाईक तुमच्या प्रेमापोटी येतात, त्यांना चकली घरबसल्या मिळतेच, मग ते पुढे कोणाला कशाला सांगतील? ज्याला खरंच अडलंय असं घर शोधा. आपल्या इंदूरची किती पोरं पुण्या-बंगळूरला नोकरीला आहेत, तिथे अनारसे कोण करतंय, आणि ही पोरं एकमेकांना ओळखतात, एकाच बिल्डिंगमध्ये राहतात, हेच महत्त्वाचं. फेसबुकसुद्धा 2004 मध्ये आधी फक्त हार्वर्डपुरतं होतं, मग एकेक कॉलेज जोडत गेले आणि सगळ्यांसाठी उघडलं ते थेट 2006 च्या सप्टेंबरात. शहरभर विखुरलेले शंभर अनोळखी गिऱ्हाईक आपसात बोलतच नाहीत हो, एका सोसायटीतली दहा घरं बोलतात.

आणि डब्यावर पत्ता छापा, ठसठशीत. फराळाला आलेला पाहुणा "कुठून मागवलं?" विचारतोच, तेव्हा डबा समोर असला पाहिजे. हॉटमेलनं 1996 मध्ये हेच केलं होतं, प्रत्येक मेलच्या खाली फुकट मेल मिळवायचं आमंत्रण देणारी एक ओळ, बस्स. म्हणजे वापरणाराच नकळत जाहिरात करत होता, आणि पुढच्याच वर्षाच्या शेवटी मायक्रोसॉफ्टनं अख्खी कंपनी विकत घेतली.

प्रश्न (राजवाड्याजवळून): दादा, जुन्या पुस्तकांच्या साइटची लिंक रोज सगळ्या ग्रुपांत टाकतो, कोणी उघडतच नाही.

रोज टाकता म्हणूनच! ग्रुपात तुमचं नाव दिसलं की लोक अंगठा वर सरकवून मोकळे होतात. एक तर नुसती लिंक टाकू नका, "बारावी बायोलॉजीची जुनी पुस्तकं आलीत, अर्ध्या किमतीत" असं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला लगेच भाचीची आठवण येते आणि तो तिच्या आईला पाठवतो. लोक वेबसाइट पाठवत नाहीत भिया, भाचीचं काम पाठवतात. दुसरं, लिंकखाली फोटो आणि नाव दिसतंय का बघा, दिसत नसेल तर साइट बनवणाऱ्याला ओपन ग्राफ टॅग (लिंकसोबत फोटो-नाव दाखवणारा छोटा कोड) टाकायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) विसंबून असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, बाकीच्यांना नाही.

प्रश्न: "मित्राला आणा, डिस्काउंट मिळवा" अशी स्कीम ठेवू का?

ठेवा, पण फायदा दोघांना द्या. ड्रॉपबॉक्सनं, म्हणजे फाइली ऑनलाइन ठेवायच्या सेवेनं, बोलावणारा आणि येणारा, दोघांना फाइलींसाठी जास्तीची जागा दिली होती आणि ती योजना जबरदस्त चालली. एकट्या बोलावणाऱ्याला पैसे दिले की तो मित्राला गिऱ्हाईक समजतोय असं वाटतं, आणि आपल्या लोकांत तर शंभर रुपयांसाठी कोणी वहिनीला फोन करणार नाही, लाज वाटते. मात्र गूगल रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, त्यांच्या नियमात बसत नाही, रिव्ह्यू उडवतात.

प्रश्न: तोंडी प्रचारानं किती लोक आले हे मोजायचं कसं? ॲनालिटिक्समध्ये (साइटवर कोण कुठून आलं ते दाखवणारं साधन) नुसतं "डायरेक्ट", म्हणजे कुठून आले ते माहीत नाही, असं दिसतं.

व्हॉट्सॲपवरून आलेले बरेच जण त्याच "डायरेक्ट"मध्ये जाऊन बसतात, म्हणून तो आकडा वाढला की नाराज होऊ नका. तुम्ही स्वतः पाठवता त्या लिंकला यूटीएम जोडा, म्हणजे लिंकच्या शेवटी एक खूण, तिच्यावरून माणूस कुठून आला ते कळतं. पण सगळ्यात भरवशाचं म्हणजे ऑर्डरच्या फॉर्ममध्ये एक रकाना: "आमच्याबद्दल कोणी सांगितलं?" तीन-चार नावं सारखी येतील बघा. त्यांना सणाला डबा पाठवा, काही न मागता.

प्रश्न: साइटच्या नावात दोन आडव्या रेघा आणि 24 आहे, चालेल ना?

फोनवर मावशीला सांगून बघा. तिनं पहिल्याच झटक्यात बरोबर टाइप केलं तर चालेल, नाहीतर वेबसाइट जुनी व्हायच्या आत नाव बदला, नंतर फार त्रास होतो.