कौतुक झालं आणि हात थांबले

"सरांनी भर वर्गात माझं नाव घेतलं ना, त्या दिवसापासून माझ्याकडून काही होतच नाहीये, मॅडम." समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत तिने हे एका दमात सांगितलं आणि मग बराच वेळ गप्प बसली.

फायनान्समध्ये पदव्युत्तर शिक्षणाचं शेवटचं वर्ष. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एका कंपनीचं मूल्यांकन करायचा, म्हणजे तिची किंमत काढायचा प्रकल्प होता. तो तपासून झाल्यावर प्राध्यापक वर्गात म्हणाले, "इतक्या वर्षांत असं काम माझ्या हाती आलं नव्हतं." टाळ्या झाल्या, घरी फोन गेले, मित्रमैत्रिणी शंका विचारायला येऊ लागल्या. आणि हिने मात्र वर्गात हात वर करणं सोडलं. पुढच्या प्रकल्पाची एक्सेल शीट रोज रात्री उघडायची, दोन आकडे बदलायचे, परत पहिल्यासारखे करायचे, बंद करायची. जमा करायची तारीख उलटून गेली होती.

अशी अडचण घेऊन येणारी मुलं मला नेहमी भेटतात. कमी गुण मिळाले तर काय करायचं हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. भरभरून कौतुक झालं तर काय करायचं, हे कोणी सांगत नाही. घरच्यांना तर यात अडचण आहे हेच पटत नाही; "लोकांना कौतुक मिळत नाही आणि तू रडतेस?" असं तिलाही ऐकवून झालं होतं.

"मी तेवढी हुशार नाहीये, ते एकदा कळणारच," हे तिचं वाक्य मी ओळखलं. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांविषयी लिहिताना या भावनेला 'इम्पोस्टर फेनॉमेनन' असं नाव दिलं. यश समोर दिसत असतं, तरी आपण सगळ्यांना फसवतोय आणि आता पकडले जाऊ, ही धास्ती जात नाही. हे तिला सांगितलं तेव्हा ती जरा सैलावली. पण नाव कळल्याने शीट पूर्ण होत नाही.

म्हणून मी विचारलं, "सरांना नेमकं काय आवडलं?"

तिला सांगता येईना. "सगळंच असेल."

हा 'सगळंच' मला फार घातक वाटतो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही शाळकरी मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटलं, तर काहींना 'तू मेहनत घेतलीस'. हुशार म्हटलेली मुलं पुढे सोपं काम निवडू लागली आणि एकदा अपयश आल्यावर त्यांची कामगिरी घसरली. हुशारी सांभाळायची असेल तर अवघडाला हात न लावणं हाच सोपा मार्ग! ही मुलगी वेगळं काय करत होती?

मी तिला एकच काम दिलं: सरांना भेटून हाच प्रश्न विचार. तिला ते भीक मागितल्यासारखं वाटत होतं. दोन आठवडे टाळलं, मग गेली.

परत आली ती चक्रावून. सरांनी तिचा जुना अहवाल काढून शेवटचं पान दाखवलं होतं. तिथे तिने लिहिलं होतं की कंपनीच्या किमतीतला मोठा भाग टर्मिनल व्हॅल्यूतून, म्हणजे अंदाजाच्या वर्षांपलीकडच्या काळातून येतोय, आणि त्या भागाची आपल्याला खात्री नाही. सोबत हिशोबही मांडला होता: डिस्काउंट रेट (पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत काढायचा दर) १० टक्के आणि पुढच्या वर्षीचा कॅश फ्लो (कंपनीच्या हाती येणारी रोकड) तोच ठेवून त्या रोकडीच्या वाढीचा दर ४ ऐवजी ५ टक्के धरला, तर टर्मिनल व्हॅल्यू २० टक्क्यांनी फुगते. सर म्हणाले, "बाकीच्यांनी एक आकडा दिला. तू तो आकडा कुठे डळमळतो ते दाखवलंस."

म्हणजे कौतुक तिच्या शंकेचं होतं. आणि कौतुक झाल्यापासून तिने नेमक्या शंकाच लपवायला घेतल्या होत्या.

हे ऐकून ती हसली नाही, रडली. मीही मध्ये काही बोलले नाही.

त्यानंतरचं काम साधं होतं. प्रकल्प अपूर्ण वाटला तरी ठरलेल्या दिवशी पाठवायचा आणि जिथे खात्री नाही तिथे तसं लिहायचं. वर्गात आठवड्याला निदान एक प्रश्न विचारायचा. झोप आणि जेवणावर मी लक्ष ठेवून होते. ती घडी महिनाभर विस्कटलेलीच राहिली असती, तर तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तशी वेळ आली नाही.

प्राध्यापकांना आणि आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. कौतुक जरूर करा, अगदी भर वर्गात करा, पण कशाचं करताय ते त्याच वाक्यात सांगा. ते शेवटचं पान त्याच दिवशी दाखवलं असतं, तर या मुलीच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

दुसरा प्रकल्प तिने उशिरा दिला, उशिराचे गुण कापलेही गेले. आमच्या शेवटच्या भेटीत ती त्याबद्दल फारसं बोलली नाही. वर्गात तिने प्रश्न विचारला होता आणि सर थोडं थांबून म्हणाले होते, "हे मला बघावं लागेल, पुढच्या तासाला बोलू." ते सांगताना ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती.