टाके बसले, पण स्नायूचं काय?

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. रोटेटर कफची, म्हणजे खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या गटाची, फाटलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवायची, धागा किती ताण सोसतो ते मोजायचं आणि पुढे एमआरआयवर ती हाडाला धरली का ते पाहायचं. काम नेटकं आहे. पण त्यात स्नायू कुठेच नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

कफच्या चार स्नायूंपैकी वरच्या बाजूच्या सुप्रास्पायनेटसची कंडरा सर्वांत जास्त फाटते. ती हाडावरून सुटली की स्नायू मागे आखडतो, तंतू बारीक होतात आणि मधल्या जागेत चरबी शिरते. फ्रेंच शल्यचिकित्सक गुतालिए आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सीटी स्कॅनवरून या चरबीच्या ० ते ४ अशा पायऱ्या मांडल्या. तिसऱ्या पायरीवर स्नायू आणि चरबी निम्मे-निम्मे असतात. कंडरा नीट शिवली तरी ही चरबी सहसा मागे हटत नाही.

स्नायूची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहा. स्नायूचा तुकडा मेणात बसवण्याआधीच्या द्रावकांत चरबी विरघळते, म्हणून गुलाबी तंतूंमध्ये नुसती गोल पांढरी भोकं उरतात. सुरुवातीला ती मला काप घेताना झालेली खराबी वाटली आणि कित्येक महिने मी ती मोजणीतून वगळली. रुग्णाचा हात वर का जात नाही, याचं अर्धं उत्तर त्या भोकांत होतं.

प्रयोगासाठी प्राणी निवडताना घाई करू नकोस. पांढऱ्या उंदराचा सुप्रास्पायनेटस माणसासारखाच हाडाच्या कमानीखालून जातो, म्हणून तो सगळ्यांना सोयीचा वाटतो. पण नुसती कंडरा कापली तर त्याच्या स्नायूत चरबी फार थोडी साठते. स्नायूची चेताही (नस) कापली तर चरबी वाढते. मेंढीत कंडरा सोडवल्यावर चरबी ठळक दिसते. तुझा प्रश्न चरबीचा असेल, तर हा फरक आधी सोडव.

एमआरआयमध्येही एक फसगत आहे. ज्या कापात खवाट्याचं हाड ‘वाय’ आकाराचं दिसतं, त्यात आपण स्नायूचा आकार मोजतो. शस्त्रक्रियेत आखडलेला स्नायू बाहेर ओढला जातो, त्यामुळे त्याच कापात त्याचा जाड भाग येतो आणि तो सुधारल्यासारखा भासतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर लगेच एक एमआरआय घे आणि पुढची तुलना त्याच्याशी कर, आधीच्याशी नको.

अस्थिशल्यचिकित्सक गॅलट्झ यांचा २००४ चा शोधनिबंध वाचलास का? मोठ्या फाटीचे १८ रुग्ण, दुर्बिणीतून केलेली शिवण, आणि वर्षभरानंतर सोनोग्राफीत १७ जणांची कंडरा पुन्हा सुटलेली. तरीही बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं, हात चालत होता. हा निबंध मला अजून स्वस्थ बसू देत नाही. ‘जुळली की नाही’ एवढंच नोंदवलंस तर ती माणसं तुझ्या तक्त्यात अपयशी ठरतील. त्या कुशीवर झोपता येतं का, केस विंचरता येतात का, हेही प्रत्येक भेटीत विचार आणि त्याच तारखेच्या स्कॅनशेजारी लिही.

पुढच्या वेळी पहिल्या पाच रुग्णांचे ‘वाय’ काप घेऊन ये. स्नायूची कडा तू वेगळी आख, मी वेगळी आखेन. दोघांचे आकडे किती जुळतात ते पाहू, मगच सहावा रुग्ण घ्यायचा.