गॅदरिंग आणि राजकारण

प्रश्न : ताई, मी तासगाव तालुक्यातल्या एका छोट्या कॉलेजात शिकते. द्राक्षबागेतल्या बायकांच्या मजुरीवर आम्ही पथनाट्य बसवलं. 'गॅदरिंगला राजकारण नको' म्हणून ते नाकारलं. फिल्मी नाच मात्र चालतात. काय करावं? आणि विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीला उभं राहावं का?

उत्तर : पोरी, पथनाट्य सोडू नकोस. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं ते सांगलीत, आणि 1942 नंतर नाना पाटलांच्या इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारची गोष्ट शाहिरांनी डफावर गावोगाव नेली तीही याच मुलखात. इथं कला आणि राजकारण कधी वेगळ्या पंगतीला बसलेच नाहीत.

संहिता घेऊन प्राचार्यांना भेटा. कुठल्याही पक्षाचं नाव, झेंडा त्यात नसू दे. हात वर धरून दिवसभर थिनिंग, म्हणजे घडातले जादा मणी काढायचं काम, करणारी बाई संध्याकाळी भाकरी थापायला बसते तेव्हा तिचे खांदे कसे भरून येतात, ते दाखवा. तुमच्यातल्या निम्म्यांच्या आया हेच काम करत असतील. तरीही नकार आला तर गावच्या पारावर करा.

राहिला प्रश्न विद्यार्थी परिषदेचा. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका गेल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. 2016 च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा आली. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीनं उमेदवाराच्या खर्चाला 5,000 रुपयांची मर्यादा सुचवली होती. माझं स्पष्ट मत आहे, निवडणूक लागली की तू उभी राहा. सांस्कृतिक विभागात काय सादर व्हावं, यावर बोलायला मुलींचा आवाज तिथं हवाच.