टीममध्ये मास्टर की मेन यावरून भांडण लागलंय, जुन्या प्रोजेक्टच्या मुख्य ब्रँचचं (कोडच्या मुख्य धाग्याचं) नाव बदलावं का?

बदला, पण एका दिवसात बदला आणि जुनं नाव मागे ठेवू नका. नुसत्या नावाने काय फरक पडतो असं तुमच्यातले जे म्हणतायत ते मला पटत नाही. मी बेळगावचा. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी कागदावर बेळगावी झालं, आमच्या घरात आजही बेळगावच, त्यामुळे नाव कोण ठरवतो आणि कुणाला विचारून ठरवतो हे आम्हाला कुणी शिकवायला लागत नाही.

कोड ठेवायची वेबसाइट गिटहबने 1 ऑक्टोबर 2020 पासून नव्या रिपॉझिटरीच्या (प्रोजेक्टचा कोड राहतो त्या जागेच्या) मुख्य ब्रँचला मेन हे नाव द्यायला सुरुवात केली, तेव्हा आमचे नवे प्रोजेक्ट मेनवर आणि जुने मास्टरवर असं झालं. त्यातलं एक जुनं म्हणजे उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं स्टॉकचं सॉफ्टवेअर. सीनियरनी एका शुक्रवारी संध्याकाळी मेन नावाची नवी ब्रँच तयार केली आणि आजपासून इथेच काम करा म्हणून ग्रुपवर टाकलं. मी तेव्हाच विचारलं, सर, सर्व्हरवरच्या स्क्रिप्टमध्ये मास्टर लिहिलंय त्याचं काय? ते बघू नंतर, म्हणाले. मास्टर तशीच राहिली आणि स्क्रिप्ट रोज रात्री तीच पुल करत, म्हणजे तिच्यातलाच कोड सर्व्हरवर आणत बसली, एरर नाही काही नाही, 'ऑलरेडी अप टू डेट' म्हणायची. नऊ दिवस आमचा एकही फिक्स तिकडे पोचला नाही. स्टोअरमधले काका रोज फोन करायचे, कास्टिंगचा आकडा चुकायलाय बघ, आणि मी रोज सांगायचो, काका, कालच दुरुस्त केलंय. त्यांच्या लेखी मी नऊ दिवस खोटं बोललो, ते मला अजून लागतं.

म्हणून आधी मास्टर हा शब्द सगळीकडे शोधा, सीआय (कोड आपोआप तपासणारी यंत्रणा), क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), डिप्लॉय स्क्रिप्ट (सर्व्हरवर कोड चढवणारी), सगळीकडे. गिटहबच्या सेटिंगमधून रीनेम केलं तर उघड्या पुल रिक्वेस्ट (कोड मिसळायच्या विनंत्या) आपोआप नव्या नावाकडे वळतात, पण लॅपटॉपवरचा क्लोन, म्हणजे प्रोजेक्टची प्रत, ज्याची त्यानेच बदलायची. मास्टर उरली नाही की राहून गेलेली स्क्रिप्ट त्याच रात्री एरर देते, ते बरं. जुन्या क्लोनमधून कुणी मास्टरवर पुश केलं, म्हणजे कोड वर पाठवला, तर मास्टर परत उगवते हे मात्र लक्षात ठेवा.

दोघेच असाल आणि प्रोजेक्ट बंद व्हायला आला असेल तर मास्टर राहू दे, काही बिघडत नाही.

आमच्या मीटिंगच्या नोंदीत 'स्क्रिप्ट अपडेट करायची राहिली' एवढंच आहे. शुक्रवारीच कुणी विचारलं होतं ते त्यात नाही, म्हणून इथे लिहिलं.