आपले प्रश्न : हाडावरच्या गाठी आणि आनुवंशिकता

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला हाताला टणक गाठ लागली. एक्स-रे काढल्यावर ती ‘ऑस्टिओकॉन्ड्रोमा’ असल्याचे सांगण्यात आले. नंतर नीट चाचपून पाहिले, तेव्हा मनगटाजवळ आणि खांद्याच्या फऱ्यावरही असेच उंचवटे सापडले. माझ्या पतींच्या नडगीवर लहानपणापासून अशीच गाठ आहे. त्रास नसल्याने त्यांनी ती कधी दाखवली नाही. हा कर्करोग आहे का? सगळ्या गाठी काढून टाकाव्यात का? आमच्या ४ वर्षांच्या मुलीलाही हे होईल का?

उत्तर : हा कर्करोग नाही. ऑस्टिओकॉन्ड्रोमा ही हाडाच्या साध्या गाठींपैकी सर्वांत जास्त आढळणारी गाठ आहे. लहान मुलांच्या लांब हाडांच्या टोकाजवळ वाढीची पट्टी असते. तिच्या कडेचा कूर्चेचा (हाडाहून मऊ, लवचीक ऊतीचा) थोडासा भाग बाजूला फुटतो आणि झाडाला फुटवा यावा तसा स्वतंत्रपणे वाढू लागतो. या गाठीचे कवच आणि आतला गाभा मूळ हाडाशी सलग असतात, तर टोकावर कूर्चेची टोपी असते. कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे बोटांना लागणारी गाठ चित्रातल्या गाठीपेक्षा मोठी वाटते. पुष्कळ पालक याच फरकामुळे घाबरून जातात.

बहुतेकांना अशी एकच गाठ असते आणि तिचा आनुवंशिकतेशी संबंध नसतो. आपल्या मुलाला मात्र अनेक ठिकाणी गाठी आहेत आणि वडिलांनाही गाठ आहे, त्यामुळे हा बहुधा ‘हेरेडिटरी मल्टिपल एक्सोस्टोसिस’ हा आनुवंशिक प्रकार असावा. तो साधारण ५०,००० जणांमागे एकाला आढळतो. याला कारणीभूत असलेली ईएक्सटी-१ आणि ईएक्सटी-२ ही जनुके अनुक्रमे १९९५ आणि १९९६ मध्ये सापडली. वाढत्या कूर्चेतील पेशींना दिशा देणारे संदेश योग्य जागी पोहोचावेत यासाठी हेपरान सल्फेट नावाची साखळी लागते, आणि ती तयार करण्याचे काम ही जनुके करतात. साखळी अपुरी पडली की पेशी दिशा चुकतात आणि हाड आडवे फुटते.

दोष असलेले जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आले तरी पुरते, त्यामुळे प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलाला मिळाला म्हणून मुलगी सुटली, असे समजू नये. प्रत्येक वेळी शक्यता तितकीच राहते. बहुतेक मुलांमध्ये गाठी वयाच्या १२ वर्षांपर्यंत लक्षात येतात. मुलीला आंघोळ घालताना गुडघ्यांभोवती, मनगटांवर, बरगड्यांवर आणि फऱ्यांवर अधूनमधून बोटे फिरवून पाहावीत आणि तिला एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. एकाच घरात एकाला दोन गाठी तर दुसऱ्याला वीस, असेही घडते, म्हणून वडिलांचा त्रास सौम्य आहे यावरून मुलांचा अंदाज बांधता येत नाही. जनुकीय तपासणीने निदान पक्के होऊ शकते. पुढच्या अपत्याचा विचार असेल तर गर्भधारणेपूर्वीच जनुकीय समुपदेशन घ्यावे. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो : हे कोणाच्या वागण्यामुळे, खाण्यामुळे किंवा गर्भारपणातल्या चुकीमुळे झालेले नाही. आपल्या पतींनी किंवा आपण स्वतःला दोष देऊ नये.

सगळ्या गाठी काढाव्यात, असे मी सुचवणार नाही. वाढीच्या पट्टीला लागून असलेली गाठ लहान वयात काढताना पट्टीलाच इजा होण्याचा धोका असतो, शिवाय टोपीचा अंश राहिला तर गाठ पुन्हा येते. दुखत असेल, नसेवर किंवा रक्तवाहिनीवर दाब येत असेल, सांधा नीट हलत नसेल किंवा हाड वाकडे होत असेल, तर शस्त्रक्रियेला अर्थ आहे. पायाच्या बाहेरच्या बाजूस, गुडघ्याच्या जरा खाली असलेल्या गाठीचा दाब तिथल्या नसेवर आला, तर पाऊल वर उचलता येत नाही आणि चालताना ते जमिनीवर आपटते. असे दिसल्यास एक दिवसही थांबू नये.

माझ्या मते खरे लक्ष गाठींच्या संख्येपेक्षा हाडांच्या सरळपणाकडे द्यायला हवे. अग्रबाहूतील दोन हाडांपैकी करंगळीकडचे हाड आखूड राहिले, तर दुसरे कमानीसारखे वाकते आणि कधीकधी कोपरात सांध्यातून निसटते. घरी एक सोपी चाचणी करता येते. मुलाला दोन्ही कोपरे कमरेला टेकवून तळहात आधी आकाशाकडे आणि मग जमिनीकडे वळवायला सांगावे. एक हात कमी फिरत असेल, तर तज्ज्ञांना लगेच दाखवावे. गुडघे आत वळून एकमेकांवर घासू लागले, तर वाढ शिल्लक असेपर्यंत हाडाच्या एका बाजूला धातूची लहानशी पट्टी बसवून, मुलाच्याच वाढीचा उपयोग करून पाय सरळ करता येतो. वाढ थांबल्यावर हा सोपा मार्ग बंद होतो आणि हाड कापून सरळ करावे लागते. म्हणून ९ ते १४ या वयात दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने होणारी तपासणी चुकवू नये.

आता आपल्या पतींविषयी. वाढ पूर्ण झाल्यावर या गाठीही वाढायच्या थांबतात, आणि म्हणूनच प्रौढ वयात एखादी गाठ पुन्हा वाढू लागली किंवा नव्याने दुखू लागली, तर ती बदलाची खूण समजावी. आनुवंशिक प्रकारात एखाद्या गाठीचे पुढे कॉन्ड्रोसार्कोमा या कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण साधारण १ ते ५ टक्के सांगितले जाते, आणि कंबर, मांडीचा सांधा व खांद्याजवळच्या गाठींबाबत अधिक जागरूक राहावे लागते. प्रौढ व्यक्तीत एमआरआयवर कूर्चेची टोपी २ सेंटिमीटरहून जाड दिसली, तर तज्ज्ञ पुढील तपास करतात. पतींनी या निमित्ताने आपली गाठ एकदा तरी दाखवावी. निदान तिचे आजचे मोजमाप तरी नोंदवले जाईल.

प्रश्न : माझ्या एकाच हाताच्या बोटांच्या हाडांत कूर्चेच्या अनेक गाठी आहेत आणि ‘ऑलियर’ असे निदान झाले आहे. माझ्या होणाऱ्या बाळाला हा आजार होईल का?

उत्तर : शक्यता नगण्य आहे. गाठी अनेक असल्या म्हणजे आजार आनुवंशिकच असतो, असे नाही. ऑलियरमधील बदल आई-वडिलांकडून येत नाही. गर्भ वाढत असताना शरीराच्या काही पेशींत तो नव्याने घडतो, म्हणूनच गाठी बहुधा एका बाजूला जास्त असतात. या गाठींमध्ये आयडीएच-१ आणि आयडीएच-२ या जनुकांतील बदल २०११ मध्ये दाखवले गेले. मात्र इथे कर्करोगाचा धोका एकट्या गाठीपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून आपली स्वतःची नियमित तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. जबड्याच्या हाडावर तीन टणक उंचवटे आहेत. दंतवैद्यांनी ‘ऑस्टिओमा, साध्या गाठी’ असे सांगितले. माझे वडील ४१व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले. या दोन गोष्टींचा काही संबंध असू शकतो का?

उत्तर : असू शकतो. आपण तो जोडून पाहिलात, हे फार चांगले झाले. ऑस्टिओमा स्वतः निरुपद्रवी असतो, परंतु एपीसी या जनुकातील आनुवंशिक दोषात जबड्यावर वा कवटीवर ऑस्टिओमा, जादा दात आणि त्वचेखालच्या गाठी यांच्या जोडीला मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप (आतल्या अस्तरावरचे कोंबासारखे उंचवटे) होतात, आणि उपचार न केल्यास त्यांतून जवळजवळ नक्कीच कर्करोग उद्भवतो. हाडाच्या गाठी पॉलिपच्या आधीही दिसू शकतात. जबड्यावरचा प्रत्येक उंचवटा असाच असतो, असे मुळीच नाही. अनेकांच्या जबड्याच्या आतल्या कडेला जन्मभर निरुपद्रवी उंचवटे असतात. पण वडिलांचा आजार पाहता आपण वाट पाहू नये. या महिन्यातच पोटविकारतज्ज्ञांकडे जाऊन कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) आणि जनुकीय तपासणीविषयी बोलावे. आपल्याला भावंडे असतील तर त्यांनाही सोबत न्यावे, कारण वडिलांमध्ये हा दोष असला, तर तो मिळण्याची शक्यता त्यांनाही आपल्याइतकीच, म्हणजे ५० टक्के आहे.